कलशेट्टी मॅडमचा संशय

कलशेट्टी मॅडम चहा प्यायच्या आधी तो हुंगायच्या. शिपाई स्टाफरूममध्ये कप ठेवून गेला, की बाकीचे बोलता बोलता घोट घ्यायला लागायचे. मॅडम मात्र कप नाकाशी न्यायच्या, क्षणभर डोळे मिटायच्या, मग आधी चहाकडे आणि नंतर शिपायाकडे बघायच्या. "दूध कालचं हाय की रे." शिपाई शपथ घ्यायचा. मॅडम म्हणायच्या, "कशावरून?"

हा त्यांचा शब्द. मुलं त्यांना 'कशावरून मॅडम' म्हणत आणि त्यांना ते माहीत होतं. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवायच्या, वाटेत पुन्हा विचारायच्या आणि उतरताना तिसऱ्यांदा खात्री करून घ्यायच्या. कपाट लावलं की कुलूप ओढून बघायच्या, चार पावलं जाऊन परत यायच्या आणि पुन्हा ओढायच्या. बुटकी मूर्ती, इरकली साडी, कपाळावर विभूतीची पुसट रेघ आणि खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत एक भिंग कायम असायचं. ते दगडांसाठी होतं, पण एकदा त्यांनी त्यातून तुरीची डाळही तपासलेली मी पाहिली आहे.

मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते, नंतर त्याच कॉलेजात, त्यांच्याच इतिहास विभागात लागले. त्यामुळे हा संशय मी बाकावरूनही झेलला आणि शेजारच्या खुर्चीवरूनही.

प्रागैतिहासिक काळ हा त्यांचा विषय. इतर कॉलेजांत तो पहिल्या आठवड्यात उरकतात, कारण परीक्षेत त्यावर फारसं येत नाही. मॅडम त्यातून दिवाळीपर्यंत बाहेर पडायच्या नाहीत. आमच्या पुस्तकात एक वाक्य होतं, की शेतीचा शोध लागला आणि माणूस स्थिर व सुखी झाला. त्या वाक्यावर त्यांनी आमच्या वर्गाला अडवून धरलं होतं.

"कोण सुखी झाला? नाव सांगा."

मागून अक्कलकोटकडचा एक मुलगा म्हणाला, "माणूस, मॅडम."

"माणूस म्हणजे कोण? नांगर धरणारा की कणगीवर बसणारा?" मग त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. "हे बघा. तुम्ही सगळे एका टोळीतले. आज हरीण मारलं. आज संपवलं नाही तर उद्या नासणार. काय कराल?"

"वाटून टाकू, मॅडम."

"लई दानशूर हाय म्हणून?"

"न्हाय मॅडम. नासणार म्हणून."

"बरोबर. आता हरणाच्या जागी ज्वारी आणा. ज्वारी नासत नाही. पेवात घातली तर वर्षं काढते. मग वाटाल?"

पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं भुयार, आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. मॅडमच्या दुधनीच्या घरी पेव होतं. वडिलांची तिथं धान्याची आडत होती. पेव उघडलं की आत लगेच माणूस उतरवत नाहीत, कोंडलेल्या हवेत जीव जातो. आधी दिवा सोडून बघतात, हे त्या वर्गात हातवारे करून दाखवायच्या. आणि मग म्हणायच्या, "पेव आलं की झाकण आलं. झाकण आलं की राखणदार आला. राखणदारावर लक्ष ठेवायला आणखी एक आला. त्या आणखी एकाला पुढं राजा म्हणायला लागले. शेजाऱ्याकडं तिरक्या नजरेनं बघायला माणूस तिथं शिकला. त्याआधी कशाला बघेल? शेजाऱ्याकडं लपवायला होतंच काय?"

त्यांचं म्हणणं असं, की हत्यार बदललं की आधी विचारायचं, ते कुणाला करता येतं आणि कच्चा माल कुणाच्या ताब्यात आहे. गारगोटी ओढ्यात पडलेली असते, तिचं पातं कुणीही पाडावं. तांबं आलं तेव्हा खाण एकाची, भट्टी दुसऱ्याची आणि भाता मारणारा तिसराच. हे सांगताना एकदा त्यांनी अचानक माझ्याकडे बोट केलं. "पद्माला विचारा. हिच्या वडिलांना विणता येतं. माग कुणाचा आहे?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जाऊन मी नानांना, म्हणजे वडिलांना, तेलुगूत विचारलं, की आपल्याला विणायला येतं तर माग आपला का नाही? नानांनी टॉवेलाचं सूत हातावरून झटकलं आणि म्हणाले, "तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग." त्यानंतर मी इतिहास कधी सोडला नाही.

जुळे सोलापुरात त्या एकट्या राहायच्या, चार मजली सोसायटीत. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे प्रत्येक सोसायटीत जमिनीत मोठी टाकी असते आणि त्या टाकीच्या व्हॉल्व्हची किल्ली कुणातरी एकाकडे असते. मॅडमच्या सोसायटीत ती सेक्रेटरीकडे होती. मॅडमना संशय होता, की त्याच्या बाजूच्या घरांना पाणी आधी सुटतं. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. कॉलेजला निघताना व्हॉल्व्हच्या चाकाला सुतळीचा एक तुकडा बांधला, दुधनीच्या बाजारात पोत्याला मारतात तसली गाठ मारून. संध्याकाळी आल्या तेव्हा सुतळी होती, गाठ निराळी होती.

त्यांनी मीटिंग बोलावली. सेक्रेटरी आधी चिडला, मग ओशाळला. त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती, धुणं फार निघायचं, म्हणून तो व्हॉल्व्ह जरा आधी उघडत होता.

"मागितलं असतंस तर कोण नाही म्हणालं असतं?" मॅडम म्हणाल्या.

त्या दिवसापासून किल्ली जिन्यातल्या खिळ्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लटकायला लागली. त्याच्या आईसाठी मॅडमच्या घरून दोन कळशा जायला लागल्या, हे मला त्यांनी नव्हे, सेक्रेटरीच्या बायकोने सांगितलं.

अशा बाईला मित्र कोण असणार? होता, एकच. भूगोलाचे शेख सर.

शेख सर विजापूर वेशीकडचे, घरचा धंदा ट्रकचा. भाऊ गाड्या चालवत राहिले, हे नकाशे शिकवायला लागले. उंच, सडपातळ, बोलणं हळू. सुटीच्या दिवशी स्कूटर काढून ओढे-नाले फिरायचे. स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या बाकावर ते आणि मॅडम डबे उघडून बसायचे. डब्यांची अदलाबदल व्हायची नाही, ते एकमेकांचं पथ्य होतं, पण शेंगाचटणी मॅडमच्या डब्यातून त्यांच्या झाकणावर जायची. तीसुद्धा ते आधी हुंगायचे, मॅडमची नक्कल करत. मॅडम हसायच्या. त्यांना हसताना मी फक्त त्या बाकावर पाहिलं.

एके दिवशी शेख सरांनी रुमालात बांधून काही दगड आणले. वळसंगजवळच्या एका नाल्यात मिळाले म्हणाले. नाला नुकताच यंत्राने रुंद केला होता. बोटाच्या पेरापेक्षा लहान, गारगोटीची पाती, दुधी, तांबूस, काही काचेसारखी. कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी लाकडात बसवायला पाडलेली. कॉलेजात चर्चासत्र होतं, बाहेरून पाहुणे येणार होते, आणि शेख सर त्यात या दगडांवर बोलणार होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते स्वतःचं असं काही मांडणार होते.

मॅडमनी भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. "छान आहेत," एवढंच म्हणाल्या. मला तेव्हाच काहीतरी खटकलं, कारण 'छान' हा त्यांचा शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दार लावायला सांगितलं. "पद्मा, ते दगड लई स्वच्छ आहेत. जमिनीत इतकी वर्षं राहिलेल्या गारगोटीवर चुन्याची खरड चढते, पांढरा कडक थर. ह्यांच्यावर कणभर नाही. धारा कालच्या असल्यासारख्या."

"सरांनी धुतले असतील."

"पाण्यानं चुना जात नाही."

त्याच आठवड्यात ऑफिसातला एक क्लार्क सहज म्हणाला, की शेख सरांनी वळसंगला प्लॉट घेतलाय म्हणे, घरांच्या नव्या स्कीममध्ये. आणि दोन दिवसांनी वर्तमानपत्रातून एक गुळगुळीत पत्रक पडलं. 'आदिमानवाच्या भूमीत आपलं हक्काचं घर.' वळसंगची स्कीम. खाली भाल्याच्या टोकाचं चित्र.

मॅडमनी ते पत्रक टेबलावर पसरलं आणि त्या हाताने घड्या मोडत राहिल्या. मी पण त्या कागदाकडे बघत राहिले. आता सगळं कसं जुळत होतं. जमिनीला भाव यावा म्हणून कुणीतरी दगड पाडायचे, कुणीतरी सापडले म्हणायचे, आणि कॉलेजच्या चर्चासत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा. खोटं वाटावं असं त्यात काहीच नव्हतं. कोपऱ्यातल्या बाकावर त्या दिवसांत दोन डबे उघडत होते, पण शेंगाचटणी झाकणावर गेली नाही. शेख सरांना वाटलं, मॅडमना बरं नाही. त्यांनी तसं विचारलंही. "तबियत बरी आहे ना मॅडम?" मॅडम म्हणाल्या, "हो."

"तुम्ही त्यांनाच विचारा ना," मी म्हणाले.

"विचारणार. सगळ्यांसमोर विचारणार. लपवाछपवी होते ती दार लावून बोललं की."

हे त्या मला दार लावूनच सांगत होत्या. ते तेव्हा त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही.

चर्चासत्राच्या दिवशी शेख सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. घाबरत सुरुवात केली, मग रंगात आले. पाती पडद्यावर दाखवली. टाळ्या झाल्या. प्राचार्यांनी "कुणाला काही प्रश्न?" म्हटलं आणि मॅडम उभ्या राहिल्या.

"ही पाती त्या नाल्यातलीच आहेत, कशावरून?"

शेख सर हसले. त्यांना वाटलं नेहमीची गंमत. "मी स्वतः उचलली, मॅडम."

"चुन्याची खरड कुठं आहे?"

"ती... घरी साफ केली."

"आणि त्या नाल्याशेजारी तुमचा प्लॉट आहे, हे खरं का?"

मागच्या रांगेतलं कुणीतरी खुसखुसलं. तिथलेच एक प्राध्यापक शेजारच्याच्या कानात काहीतरी बोलले आणि दोघांनी शेख सरांकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेचा दगडांशी संबंध नव्हता. शेख सरांनी ती बघितली. त्यांनी रुमालात दगड गोळा केले, गाठ मारली. "हो, आहे प्लॉट," म्हणाले, आणि व्यासपीठावरून उतरून निघून गेले.

जिन्यात मॅडम त्यांना गाठायला गेल्या. मी मागे होते. शेख सर वळले. आवाज चढला नव्हता.

"मॅडम, ह्या कॉलेजात लोक माझ्यावर संशय घेतात, ते मला नवीन नाही. तुम्ही सगळ्यांवर घ्यायचात, सारखा. शिपायावर, प्राचार्यांवर, पुस्तकावर. म्हणून मी तुमच्याजवळ बसायचो. बरं वाटायचं. पण बाकी सगळ्यांच्या बाबतीत तुम्ही आधी जाऊन बघून येता. माझ्या बाबतीत गेला नाहीत."

मॅडम कठड्याला धरून तशाच उभ्या राहिल्या.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "गाडी काढ. वळसंगला जायचंय." त्या माझ्या स्कूटीवर मागे बसल्या. मी वेगात चालवते म्हणूनही ओरडल्या नाहीत.

स्कीमच्या जागेवर पत्र्याची एक खोली होती, तिथं राखणीला एक गावचा माणूस होता. मॅडमनी शेख सरांच्या प्लॉटचं विचारलं.

"व्हय, घेतलाय की. कोपऱ्यातला, नाल्याकडंचा. तो कुणी घेत नव्हतं बाई, खचतंय तितं. आमच्या सायबानं सांगितलं, रोडचा घ्या. न्हाय म्हणले. हाच पायजे, आन हितं मशीन लावायचं न्हाय, असं लिहून घेतलं. लई जुनी मानसं राहत होती म्हणले हितं. सायेब म्हणला, असं? मग छापू की आपण."

मॅडम नाल्यात उतरल्या. यंत्राने कापलेली उभी भिंत होती; वर काळी माती, खाली पिवळट मुरूम, त्यात चुनखडीचे खडे. त्या भिंतीला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन भिंग फिरवत सरकत राहिल्या. ऊन चढलं. मी वर बाभळीच्या सावलीत बसले. मग त्यांनी हाक मारली.

मुरमात एक पातं अर्धं रुतलेलं होतं. वरून चुन्याची जाड खरड. त्यांनी ते काढलं नाही. मला भिंगातून बघायला लावलं. उघड्या बाजूची धार खरंच कालची वाटावी इतकी तिखट होती.

"सिरका, व्हिनेगर," त्या म्हणाल्या. "सिरक्यात ठेवलं की चुना निघून जातो. घरात सिरका असतो त्यांच्या. पाहुण्यांसमोर चकचकीत दिसावीत म्हणून घातली असतील. मी एका शब्दानं विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी."

त्या तिथंच खाली बसल्या. साडीला मुरूम लागत होता. मग एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी वर्गात कधी सांगितली नव्हती. लहानपणी एका वर्षी दुधनीचं पेव उघडलं, तर ज्वारी कमी भरली. राखणीला मळकप्पा म्हणून माणूस होता, मॅडमना खांद्यावर घेऊन जत्रेला नेणारा. वडिलांनी त्याला काही विचारलं नाही. सगळ्या बाजारासमोर फक्त म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." तो बायको-पोरं घेऊन कर्नाटकात कुठंतरी गेला.

"त्यानंच नेली होती का?" मी विचारलं.

"कुणाला माहीत? उंदीर असतील, ओल असेल, तोही असेल. कुणी बघितलंच नाही. मी तेव्हापासून कशावरून म्हणायला लागले, पद्मा. माणसावर आळ घ्यायचा नसतो, म्हणून विचारायचं असतं ते. आणि मी ते आळ घ्यायला वापरलं."

कॉलेजात त्यांनी प्राचार्यांकडे सभागृह मागितलं. प्राचार्य म्हणाले, आता कशाला उकरून काढता, लोक विसरले. मॅडम म्हणाल्या, "विसरलेले नाहीत. गप्प झालेत." सभा झाली. त्यांनी नाल्याच्या भिंतीचे फोटो दाखवले, खरड दाखवली, सिरक्यात ठेवलेली आणि न ठेवलेली गारगोटी शेजारी शेजारी ठेवली, राखणदाराचं म्हणणं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "शेख सरांचं संशोधन बरोबर आहे. माझा प्रश्न चुकीचा नव्हता, पण मी तो प्रश्न म्हणून विचारला नव्हता. मी निकाल देऊन मोकळी झाले होते. त्याची मी सगळ्यांसमोर माफी मागते." मागच्या रांगेतल्या त्या दोघा प्राध्यापकांकडे त्या बघत होत्या. दोघे मोबाइलमध्ये बघत होते.

शेख सर त्या सभेला आले नाहीत.

मग त्या विजापूर वेशीला त्यांच्या घरी गेल्या. मला बाहेर थांबायला सांगणार होत्या, पण शेख सरांच्या बायकोने दोघींनाही आत घेतलं. चहा आला. मॅडमनी कप उचलला आणि सरळ पिऊन टाकला. शेख सर समोर बसले होते.

"जागा बघितलीत?" त्यांनी विचारलं.

"बघितली."

"मग झालं."

पण झालं नव्हतं. त्यांचा डबा दुसऱ्या टेबलावर गेला तो गेलाच. समोरासमोर आले की नमस्कार व्हायचा, एखादा कागद एकमेकांकडे जायचा. मॅडम कोपऱ्यातल्या बाकावर एकट्या जेवत राहिल्या. सहा महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या, निरोप समारंभाला शेख सर आले, हार घातला आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. वर्षभरात तेही निवृत्त झाले. मी धरून चालले होते, की हे असंच राहणार. काही गोष्टी बिघडल्या की बिघडलेल्याच राहतात, आणि बिघडवणाऱ्याने ते सोसायचं असतं.

गेल्या हिवाळ्यात मला पुण्याला नोकरी लागली. निघण्याआधी मॅडमना भेटावं म्हणून जुळे सोलापूरला गेले, तर दाराला कुलूप. सेक्रेटरीची बायको म्हणाली, "बुधवार ना? बुधवारी वळसंगला असतात त्या."

अक्कलकोट रोडने गेले. स्कीममध्ये आता पंधरावीस घरं झाली होती, रंगीत गेटं, गच्च्यांवर काळ्या टाक्या. रस्ता संपतो तिथं नाल्याकडचा तो कोपरा मात्र काटेरी कुंपण घालून तसाच ठेवला होता. कुंपणाला शेख सरांची जुनी स्कूटर टेकवलेली होती.

मी गाडी लांबच थांबवली. मॅडमचे गुडघे गेले होते, ते मला ठाऊक होतं. नाल्याचा उतार उभा होता आणि मुरूम पायाखालून सरकत होता. त्या पाठमोऱ्या उतरत होत्या. हातात छत्रीचं एक टोक होतं. दुसरं टोक वर उभ्या असलेल्या शेख सरांनी दोन्ही हातांनी धरलं होतं. ते टाचा रोवून, मागे झुकून, कण्हत म्हणत होते, "आहिस्ता मॅडम, आहिस्ता. उजवीकडं दगड आहे." मॅडमनी सगळा भार त्या छत्रीवर टाकलेला होता. नजर खाली पायांकडे होती. छत्री कुणी नीट धरली आहे का, हे बघायला त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

मी हाक मारली नाही. त्या खाली पोचेपर्यंत थांबले आणि गाडी वळवली.